१७ वर्षं प्रभारी: अमेरिकेतल्या ब्लॅक नर्सेस आणि न मिळालेली खुर्ची

'प्रभारी' म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजवायची गरज नाही. काम सगळं तुम्हीच बघायचं, बोलणी तुम्हीच खायची, फक्त ऑर्डर काही निघत नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांच्या वरच्या जागांवर ब्लॅक बायका इतक्या कमी का, यावर हल्ली बरंच बोललं जातं आणि त्यात एक सूर हमखास असतो की या बायकांना लीडरशिपसाठी 'तयार' करायला हवं. हे ऐकलं की मला एडा थॉम्स आठवतात. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये १९०६ ला त्या असिस्टंट डायरेक्टर झाल्या आणि १९२३ ला रिटायर होईपर्यंत 'अ‍ॅक्टिंग' डायरेक्टर म्हणून शाळा चालवत राहिल्या, म्हणजे १७ वर्षं प्रभारी! डायरेक्टर हे पद ब्लॅक बाईला द्यायचंच नाही असं ठरलेलं होतं, आणि कहर म्हणजे ती शाळा होती ब्लॅक मुलींसाठीच. आता यांना आणखी काय तयार करायचं?

गोष्ट थोडी मागून सुरू होते. बोस्टनला न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रन नावाचं, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं हॉस्पिटल होतं. तिथे मेरी महोनी आधी बरीच वर्षं स्वयंपाक, धुणं, साफसफाई असली कामं करत होत्या, मग १८७८ ला त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग कोर्सला लागल्या. १६ महिने, पहाटे साडेपाच ते रात्री साडेनऊ. बॅचमधल्या चाळीसेक मुलींपैकी शेवटपर्यंत टिकल्या ४, त्यात या एक, आणि १८७९ ला त्या अमेरिकेतल्या पहिल्या ब्लॅक ट्रेन्ड नर्स झाल्या. साधारण त्याच सुमारास कॅरोलाइन स्टिल नावाच्या ब्लॅक डॉक्टरने तिथेच इंटर्नशिपसाठी अर्ज केला, तर बोर्डाने रंगावरून आधी नाही म्हटलं, त्या जाऊन समोर उभ्या राहिल्या तेव्हा कुठे घेतलं. ही कॅरोलाइन शिकली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशी जिथून १८८६ ला डॉक्टर झाल्या तेच कॉलेज, फक्त ८ वर्षं आधी. आनंदीबाईंचा नऊवारीतला फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, कॅरोलाइनचं नाव मात्र मला तरी फार उशिरा कळलं.

बरं, हळूहळू ब्लॅक नर्सेस वाढल्या, पण संघटनेचं काय? इथे खरी मेख आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या नियमात ब्लॅक नर्स नको असं कुठे लिहिलेलं नव्हतं. फक्त मेंबर व्हायचं तर आपल्या राज्याच्या असोसिएशनमधून यायचं, आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या असोसिएशन ब्लॅक नर्सेसना घ्यायच्याच नाहीत. झालं काम. वरचे म्हणणार आम्ही कुणाला अडवलंय, खालचे म्हणणार हा आमच्या राज्याचा प्रश्न. मेंबर नाही म्हणजे कमिटीत नाही, अधिवेशनात नाही, जिथे ओळखी होऊन पुढच्या नेमणुका ठरतात तिथे कुठेच नाही. दक्षिणेत पगार कमी तो वेगळाच, आणि गोऱ्या नर्सला 'मिस अमुक' म्हणायचं तर ब्लॅक नर्सला नुसतं 'नर्स', कारण मिस म्हटलं की मान दिल्यासारखं होतं ना!

राज्यातून यायचा हा नियम १९१६ पासूनचा, पण वगळणं त्याआधीपासूनचंच, म्हणून १९०८ लाच मार्था फ्रँकलिन या ब्लॅक नर्सने पुढाकार घेतला, न्यूयॉर्कला ५२ जणी जमल्या आणि स्वतःची वेगळी संघटना काढली, त्यात थॉम्सही होत्याच. पहिल्या महायुद्धात आर्मीने ब्लॅक नर्सेस घ्याव्यात म्हणून थॉम्स मागे लागल्या, शेवटी १८ जणींना घेतलं, कधी, तर डिसेंबर १९१८ ला, युद्ध संपल्यावर. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला कोटा ठरला ५६ चा. पुढे तो थोडा वाढला तरी कित्येक जणींना जर्मन युद्धकैद्यांच्या शुश्रूषेला लावलं. आणि जानेवारी १९४५ मध्ये तेच सरकार नर्सेस कमी पडतायत, सक्तीची भरती करावी लागेल असं म्हणायला लागलं. तेव्हा बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या मेबल स्टॉपर्स, ज्या दहाएक वर्षं ही संघटना चालवत होत्या, त्यांनी सरळ सर्जन जनरलला, म्हणजे आर्मीच्या वैद्यकीय विभागाच्या प्रमुखालाच विचारलं की एवढी टंचाई आहे तर आमच्या नर्सेस का घेत नाही? देशभरातून तारांचा पाऊस पडला आणि त्याच महिन्यात कोटा गेला.

१९४८ ला अमेरिकन नर्सेस असोसिएशनने राज्याला वळसा घालून थेट मेंबरशिप दिली आणि १९५१ ला ब्लॅक नर्सेसनी आपली संघटना विसर्जित केली. हे सहसा विजय म्हणून सांगतात आणि आहेही, पण माझ्या मते इथेच मोठा घाटाही झाला. वेगळ्या संघटनेत अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिट्या सगळ्या ब्लॅक बायकांच्या होत्या. पुढे एकेक करत ब्लॅक हॉस्पिटलं आणि त्यांची नर्सिंग स्कूल्सही बंद पडत गेली, तिथल्या मेट्रनच्या, प्रिन्सिपलच्या जागा गेल्या. मोठ्या घरात प्रवेश मिळाला, पण तिथल्या खुर्च्या आधीच भरलेल्या. २० वर्षांत पुन्हा वेगळी संघटना काढायची वेळ आली, १९७१ ची नॅशनल ब्लॅक नर्सेस असोसिएशन ती हीच.

तुरळक नावं नंतर येतात. हेझल जॉन्सन यांना घराजवळच्या नर्सिंग स्कूलने ब्लॅक म्हणून प्रवेश नाकारला होता, त्या न्यूयॉर्कच्या हार्लेमला जाऊन शिकल्या आणि १९७९ ला आर्मी नर्स कोअरच्या प्रमुख झाल्या, अमेरिकन आर्मीतली पहिली ब्लॅक महिला जनरल. अमेरिकन नर्सेस असोसिएशनला पहिली ब्लॅक अध्यक्ष मिळाली १९७८ ला, बार्बरा निकोल्स. वगळल्याबद्दल असोसिएशनने जाहीर माफी मागितली तीही थेट २०२२ मध्ये.

आणि थॉम्स? १९७६ ला असोसिएशनने हॉल ऑफ फेमची, म्हणजे मानाच्या नावांची पहिली यादी काढली, त्यात त्यांचं नाव घेतलं. तोवर त्यांना जाऊन ३३ वर्षं झाली होती.