आम्ही सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने का बनवतो: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवीन काम ठरवताना बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, "सगळं तयार कधी मिळेल?" आमचं उत्तर असतं: वापरून बघता येईल असा पहिला भाग दोन आठवड्यांत, आणि बाकीचं कोणत्या क्रमाने यावं ते तुम्ही ठरवायचं. हे ऐकून काहींना वाटतं की ही मंडळी तारीख द्यायचं टाळताहेत. तसं नाही. छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या या पद्धतीला अजाइल म्हणतात. तिच्यात काम कसं चालतं, टेस्टिंग त्यात कधी होतं आणि तुमचा किती वेळ लागतो, ते या पत्रकात सांगितलं आहे. घाईत असाल तर शेवटचा भाग तेवढा वाचा, कारण तो तुमच्या कामाचा आहे.

एका ओळीत दडलेले प्रश्न

समजा, गरजांच्या यादीत एक ओळ आहे: "बिल रद्द करता आलं पाहिजे." वाचताना सगळं स्पष्ट वाटतं. पण रद्द कोणी करायचं, काउंटरवरच्या माणसाने की फक्त व्यवस्थापकाने? पैसे जमा झालेले असतील तर? माल साठ्यात परत धरायचा का? मागच्या महिन्याचं बिल आज रद्द केलं, तर मागच्या महिन्याचा अहवाल बदलायचा का?

वॉटरफॉल पद्धतीत आधी अशा सगळ्या ओळी लिहून त्यावर सह्या होतात. मग डिझाइन, मग कोडिंग आणि सगळ्यात शेवटी टेस्टिंग. वरचे प्रश्न कुणाला तरी पडतात ते या शेवटच्या टप्प्यात, आणि तोवर त्या ओळीच्या भरवशावर बरंच काही बांधून झालेलं असतं. गंमत म्हणजे या पायऱ्यांची आकृती ज्या लेखामुळे ओळखीची झाली, त्या १९७० च्या लेखात त्याचे लेखक, सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनीच म्हटलं होतं की टेस्टिंग शेवटावर सोडणं धोक्याचं आहे. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच ठेवला.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड इथे, सतरा जण एकत्र आले आणि त्यांनी अजाइलचा छोटासा जाहीरनामा लिहिला. लांबलचक कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारावरच्या घासाघाशीपेक्षा ग्राहकाशी सहकार्य, आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद, असा त्याचा कल आहे. मात्र मागे ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, हेही त्यातच लिहिलेलं आहे आणि ते वाक्य सोयीस्करपणे विसरलं जातं. "आम्ही अजाइल आहोत, त्यामुळे काही लिहून देत नाही" असं कोणी सांगितलं, तर सावध व्हा.

दोन आठवड्यांत काय होतं

आम्ही स्क्रम वापरतो, म्हणजे अजाइल पद्धतीने काम करण्याची एक ठरलेली चौकट. तुमच्या सगळ्या गरजा एका यादीत असतात, तिला बॅकलॉग म्हणतात. यादीच्या वरच्या टोकाची काही कामं उचलून ती एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या एका फेरीत, पूर्ण करायची. स्क्रमच्या नियमांनुसार स्प्रिंट एक महिन्यापेक्षा मोठा नसतो. आम्ही तो दोन आठवड्यांचा ठेवतो, म्हणजे दिशा चुकली तरी फार लांब जाणार नाही. टीमची रोज पंधरा मिनिटांची बैठक होते, तिला तुम्ही यायची गरज नाही. स्प्रिंटच्या शेवटी डेमो असतो, त्याला मात्र यायलाच हवं.

डेमोत आम्ही स्लाइड दाखवत नाही. चालणारं सॉफ्टवेअर उघडतो आणि माउस तुमच्या हातात देतो.

टेस्टिंग: पहिल्या दिवसापासून

आमचा टेस्टर कोड तयार होण्याची वाट बघत बसत नाही. काम उचलण्याआधी तुमचा माणूस, आमचा डेव्हलपर आणि टेस्टर असे तिघे थोडा वेळ बसतात आणि ठोस उदाहरणं लिहितात. "बिलाचे पैसे मिळाले आहेत, काउंटरवरच्या माणसाने रद्द करायचा प्रयत्न केला, तर व्यवस्थापकाची मंजुरी मागितली जावी." अशा चार-पाच उदाहरणांना आम्ही स्वीकाराच्या अटी म्हणतो. वरचे बहुतेक प्रश्न एक ओळही कोड लिहिण्याआधी इथेच सुटतात. बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सापडण्याची सगळ्यांत स्वस्त जागा हीच, असं आमचं ठाम मत आहे.

यानंतरचा भाग तुम्हाला दिसत नाही, पण खर्चात दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक स्प्रिंटमध्ये नवं काही जोडलं की आधीचं काहीतरी बिघडण्याची शक्यता असते. सवलतीचा नियम बदलला आणि रद्द केलेल्या बिलाचा परतावा चुकू लागला, असं सहज घडतं. त्यामुळे दर वेळी जुनंही तपासावं लागतं. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. सॉफ्टवेअर वाढत जातं तशी ही यादी वाढते आणि सगळं हाताने तपासायचं म्हटलं, तर काही महिन्यांनी टीमला दुसरं काही करायला वेळच उरणार नाही. म्हणून आम्ही तपासण्याही कोडमध्ये लिहितो आणि कोडमधला प्रत्येक बदल जमा झाला की त्या आपोआप चालतात. यातल्या बहुतेक छोट्या असतात: एकच हिशेब, एकच नियम, निकाल काही सेकंदांत. स्क्रीनवर क्लिक करत शेवटपर्यंत जाणाऱ्या तपासण्या थोड्याच ठेवतो, कारण त्या मंद असतात आणि एखादं बटण हललं तरी कोलमडतात.

मग माणूस कशाला हवा? कारण यंत्र तेवढंच तपासतं, जेवढं त्याला सांगितलं आहे. रद्द करताना इंटरनेट गेलं तर? घाईत बटण दोनदा दाबलं तर? असल्या खोड्या काढण्यासाठी अनुभवी टेस्टरला दर स्प्रिंटमध्ये मोकळा वेळ दिलेला असतो.

म्हणूनच डेमोआधी एखादी स्क्रीन डोळ्यांना पूर्ण दिसली, तरी आम्ही ती झाली असं म्हणत नाही. स्वीकाराच्या अटी पूर्ण, आपोआप चालणाऱ्या तपासण्या लिहिलेल्या, दुसऱ्या डेव्हलपरने कोड वाचलेला, मगच काम झालं. "दिसतंय तर, देऊन टाका" असा आग्रह कधीकधी होतो. तारीख गाठण्यासाठी आम्ही एखादं वैशिष्ट्य पुढे ढकलू, तपासणी कापणार नाही. प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा घाईला कर्जाची उपमा दिली होती: आज वेळ वाचतो आणि पुढच्या प्रत्येक बदलावर व्याज भरावं लागतं. ते व्याज शेवटी तुमच्याच बिलात येतं.

बदल, तारीख आणि पैसे

बदल सांगायला कधीही हरकत नाही. चालू स्प्रिंटच्या मधेच मात्र आम्ही नवं काम घेत नाही. अगदी अडलं असेल तर तेवढ्याच आकाराचं दुसरं काम बाहेर काढून घेतो. बजेट आणि तारीख पक्की ठेवता येते. तेव्हा कामाची व्याप्ती लवचीक ठेवावी लागते, म्हणजे यादीच्या तळातलं काही राहू शकतं. तिन्ही गोष्टी पक्क्या हव्यात असा हट्ट धरला की गुपचूप मार खातो तो दर्जा.

सुरुवातीच्या दोन-तीन स्प्रिंटमधले आमचे अंदाज कच्चे असतात. टीमचा वेग कळला की आम्ही तारखेचा पल्ला सांगतो, एकच दिवस नाही. काम किती मोठं आहे याच्या अंदाजासाठी त्याला दिलेले पॉइंट टीमपुरते असतात; दुसऱ्या कंपनीच्या पॉइंटशी त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

सगळ्याच कामांना ही पद्धत लागत नाही. गरजा पक्क्या ठाऊक आहेत आणि काम छोटं आहे, किंवा जुन्या प्रणालीतला डेटा एकदाच नव्या प्रणालीत न्यायचा आहे, तर साधा आराखडा पुरतो आणि आम्ही तसं सांगतो.

तुमच्याकडून काय लागेल

निर्णय घेणारी एक व्यक्ती. समिती नको. स्क्रममध्ये तिला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. यादीचा क्रम तिने लावायचा आणि आमच्या प्रश्नांना शक्यतो एका कामाच्या दिवसात उत्तर द्यायचं. "सगळंच तातडीचं" हा क्रम नव्हे. अशा व्यक्तीला वेळ नसेल तर काम सुरूच करू नका, असा आमचा सल्ला आहे. तिच्यावाचून अजाइलचं नुसतं नाव उरतं.

डेमोला साहेबांसोबत रोज सॉफ्टवेअर वापरणारी माणसंही पाठवा. अडचण त्यांना आधी कळते.

नमुन्यासाठी खऱ्यासारखा डेटा द्या, पण लोकांची नावं आणि फोन नंबर बदलून. नीटनेटका बनवलेला नमुना नको. अर्धवट पत्ते, दोनदा आलेल्या नोंदी, रिकामे रकाने, हे सगळं त्यात असू द्या.

बग कळवताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि कोणत्या आवृत्तीत, हे लिहा. सोबत स्क्रीनशॉट जोडा.

पहिल्या बैठकीला येताना संपूर्ण गरजांचा जाडजूड दस्तऐवज आणायची गरज नाही. सध्या ज्या पाच कामांत तुमच्या माणसांचा सर्वाधिक वेळ जातो, ती क्रमाने लिहून आणा. पहिला स्प्रिंट त्यातल्या पहिल्या कामापासून सुरू करू.