भिंगावर उठलेला शिक्का

डिचोलीकडे भातकापणी आटोपली की मोकळ्या शेतात पोरांचा फुटबॉल सुरू होतो. तिथेच माझ्या भाच्याच्या उजव्या डोळ्यावर जवळून मारलेला चेंडू बसला. दोन दिवसांत लाली उतरली, तरी दाखवून आणलं. डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्याला स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाला, बसवलं आणि पडद्यावर मला दाखवलं: भिंगावर तपकिरी ठिपक्यांचं बारीक वलय. "शिक्का उठलाय," ते म्हणाले.

अक्षरशः शिक्काच. दणक्याने डोळ्यातला रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, मागच्या भिंगावर आपटतो. आयरिसच्या पाठीला मेलॅनिनचा गडद थर असतो, निळ्या डोळ्यांतसुद्धा. बाहुलीची कड जिथे टेकली तिथे तो रंग लागतो. याला व्हॉसियस रिंग म्हणतात.

मग डावा डोळा पाहिला, तर त्यातही दोन-तीन ठिपके! पण चांदणीसारखे, विस्कळीत. गर्भात भिंगाला रक्त पुरवणारं वाहिन्यांचं जाळं जन्माआधी विरून जातं. त्याचे हे अवशेष, निरुपद्रवी. आयरिसला सूज येऊन गेली असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा आयरिस भिंगाला चिकटते आणि सुटताना रंगाचे ओबडधोबड पुंजके मागे सोडते. अशा रुग्णाला बहुधा डोळा लाल होणं, उजेड न सोसणं आठवतं.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार मात्र भाच्यात नव्हता. काहींची आयरिस मागे झुकलेली असते आणि भिंग धरणाऱ्या तंतूंवर घासत राहते. ही कल्पना नेत्रतज्ज्ञ कॅम्पबेल यांनी 1979 मध्ये मांडली. सुटलेले रंगकण डोळ्याच्या आतल्या पाण्यात (अश्रूंत नव्हे) फिरतात. आयरिसजवळचं ऊबदार पाणी वर चढतं, हवेने गारावलेल्या कॉर्नियाजवळचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याजवळचं, खाली उतरतं. पेजेच्या टोपात शितं फिरतात ना, तसंच. त्यामुळे कॉर्नियाच्या आतल्या अंगाला चातीसारखी उभी तपकिरी रेघ जमते. क्रुकेनबर्ग यांनी ती 1899 मध्ये नोंदवली. हे जास्त करून लघुदृष्टीच्या तरुण पुरुषांत दिसतं. आपल्यासारख्या जाड, गडद आयरिसवाल्यांत कमी. हेच कण पाणी निचरायची जाळी तुंबवून काचबिंदू आणू शकतात.

कॉर्नियाच्या काठाची तपकिरी कडा मात्र मेलॅनिनची नसून तांब्याची असू शकते. ती शरीरात तांबं साचवणाऱ्या विल्सन रोगाची खूण. तिथे तपासायचं ते यकृत.

भाच्याचं वलय हळूहळू फिकं होईल. डॉक्टरांना काळजी होती ती डोळ्यातलं पाणी निचरतं त्या कोपऱ्याची. मुका मार तिथे चीर पाडतो आणि डोळ्यातला दाब कधीकधी कित्येक वर्षांनी वाढतो. त्यामुळे आता दरवर्षी दाब मोजायचा.