बीजाची तपासणी की गर्भाची? पीजीटीच्या फॉर्मवर सही करण्याआधी

लातूर, नांदेड, परभणीकडून आयव्हीएफसाठी संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलेल्या जोडप्यापुढे संमतीचा फॉर्म येतो. त्यावर ‘पीजीटी’ (गर्भाशयात गर्भ सोडण्याआधीची जनुकीय तपासणी) असं लिहिलेलं असतं आणि घरी येऊन सांगताना त्याचं ‘बीज तपासणार आहेत’ असं होतं. आपल्याकडे पीजीटी म्हणजे जवळजवळ नेहमीच गर्भाची तपासणी. बीजाची जनुकीय तपासणी ही निराळी गोष्ट आहे आणि तिचं उत्तरही निराळं येतं. (एएमएचची रक्तचाचणी या दोन्हींत बसत नाही. बीजांचा साठा साधारण किती उरलाय, एवढंच ती सांगते.)

आधी बीजाची तपासणी. स्त्रीबीजातल्या 46 गुणसूत्रांची 23 दोन टप्प्यांत होतात. बीज पिकताना निम्मी गुणसूत्रं एका चिमुकल्या पेशीत बाहेर टाकली जातात, ती पहिली पोलर बॉडी. शुक्रजंतू आत गेल्यावर काही तासांनी दुसरी बाहेर पडते. दोन्ही बीजाच्या कवचाखालीच पडून राहतात, गर्भाला त्यांची पुढे गरज नसते. म्हणून त्या काढून तपासायच्या आणि बीजात काय उरलं याचा उलटा हिशेब मांडायचा. पोलर बॉडीत 21 नंबरचं गुणसूत्र जादा निघालं, तर बीजात ते कमी आहे.

वाढत्या वयात हे महत्त्वाचं ठरतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार झालेली असतात. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं पस्तिशी-चाळिशीपर्यंत झिजतात आणि वाटणी चुकते. डाऊन सिंड्रोममधलं जादा गुणसूत्र दहापैकी साधारण नऊ वेळा आईच्या बीजातून आलेलं असतं.

काम मात्र फार नाजूक. इक्सीनंतर, म्हणजे सुईने बीजात शुक्रजंतू सोडल्यावर, साधारण अर्ध्या दिवसात ते उरकावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचनळीच्या तोंडाशी बीज धरून ठेवतात, लेझरने कवचाला भोक पाडतात आणि दुसऱ्या बारीक नळीने पोलर बॉडी ओढून घेतात. उशीर झाला तर पहिली पोलर बॉडी तुकडे होऊन विरायला लागते. घाई केली तर दुसरी अजून बीजाला धाग्याने जोडलेली असते, ओढताना बीजालाच इजा होते. पहिली कुठली आणि दुसरी कुठली यात गल्लत झाली, तर पुढचा हिशेब फसतो.

गर्भाच्या तपासणीत पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थांबतात. तोवर गर्भात शंभरावर पेशी झालेल्या असतात. ज्यांची पुढे वार होते त्या बाहेरच्या थरातून 5 ते 10 पेशी काढतात, बाळ ज्यातून घडतं त्या आतल्या गोळ्याला हात लावत नाहीत. गर्भ उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सेंटरमध्येच राहतो, प्रयोगशाळेकडे जातात त्या फक्त काढलेल्या पेशी. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे गर्भ पुढच्या एखाद्या पाळीत सोडतात.

इथेही चुका होतात. बाहेरच्या थरातल्या पेशी आतल्या गोळ्यासारख्याच असतील असं नाही. काही पेशी बरोबर आणि काही चुकीच्या, असा ‘मोझेक’ रिपोर्ट येतो तो याचमुळे. बीजाभोवतालच्या आईच्या पेशी नीट साफ झाल्या नाहीत आणि एखादी नमुन्यात गेली, तर रिपोर्ट गर्भाऐवजी आईचाच येऊ शकतो. डीएनए पुरेसा वाढला नाही तर निकालच येत नाही.

खर्चातही फरक आहे. समजा 7 बीजं फळली. पोलर बॉडीचे नमुने झाले 14. त्यातले पाचव्या दिवसापर्यंत 3 गर्भ टिकले, तर गर्भाच्या तपासणीचे नमुने फक्त 3.

पण आपल्या भागासाठी सगळ्यात मोठा मुद्दा बापाचा आहे. बीजाच्या तपासणीत बाप दिसतच नाही. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं आणि अशा घरात नवरा-बायको दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं एकच सदोष जनुक असलेले, निघण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गर्भात मेजरची, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष येऊन गंभीर आजार होण्याची, शक्यता चारात एक. आईचा दोष नसलेलं बीज निवडलं तर मेजर टळेल हे खरं. पण दोष असलेल्या बीजाला बापाकडून चांगलं जनुक मिळालं असतं, तर मूल मायनर म्हणजे निरोगीच झालं असतं. तेही बीज इथे बाद होतं. मोजकीच बीजं मिळालेल्या बाईसाठी हे नुकसान फार मोठं आहे. आणि बापाकडच्या एकाच जनुकाने आजार होत असेल किंवा त्याच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली असेल, तर पोलर बॉडीतून काहीच कळणार नाही. या जोडप्यांनी गर्भाचीच तपासणी मागावी.

बीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असतं, त्यामुळे पोलर बॉडीतून लिंग कळत नाही. गर्भाच्या पेशींतून कळू शकतं, पण तसं बघून गर्भ निवडणं पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याने गुन्हा आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयात हजार मुलांमागे 807 मुली होत्या. ही कडक बंदी कशासाठी, हे आपल्याला वेगळं समजवावं लागू नये. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्यानेही गर्भाची जनुकीय तपासणी आधीपासून माहीत असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांपुरतीच ठेवली आहे.

तपासणीने मूल होण्याची शक्यता वाढते, असं कुणी सांगितलं तर थांबून विचारा. युरोप आणि इस्रायलमध्ये 36 ते 40 वयाच्या स्त्रियांवर झालेल्या एस्टीम चाचणीत, जिचा निकाल 2018 मध्ये छापून आला, पोलर बॉडी तपासली तरी आणि न तपासली तरी मूल झालेल्यांचं प्रमाण 24 टक्केच राहिलं. गर्भपात मात्र 14 वरून 7 टक्क्यांवर आले.

सही करण्याआधी दोघांचीही एचपीएलसी (थॅलेसेमिया-सिकलसेल शोधणारी रक्तचाचणी) आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करून घ्या. फॉर्मवर पीजीटी-ए आहे की पीजीटी-एम, ते वाचा. पहिली गुणसूत्रांची संख्या बघते, दुसरी ठरावीक आजाराचं जनुक. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसाठी पीजीटी-एमच लागते, नुसत्या ‘ए’ने तो सापडत नाही. ‘एम’च्या तयारीसाठी तुमचं दोघांचं आणि बाधित मुलाचं किंवा आजी-आजोबांचं रक्त आधी द्यावं लागतं, आणि त्यात काही आठवडे जातात. इंजेक्शनं त्यानंतर सुरू करा. गर्भ राहिल्यावर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून पीजीटीच्या निकालाची खात्री करून घ्या.