प्रक्षेपांवरून प्रतिमा-पुनर्रचना आणि रोनाल्ड ब्रेसवेल

वस्तूतून अनेक दिशांनी घेतलेल्या बेरजांवरून (यांनाच प्रक्षेप म्हणतात) तिचा आतला काप गणिताने उभा करण्याची ही पद्धत. सीटी स्कॅन हिच्याच आधारे निघतो. गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७ मध्ये हा प्रश्न शुद्ध गणितात सोडवला होता. पण प्रत्यक्ष मोजमापांवर चालेल असे रूप या पद्धतीला देण्यात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रोनाल्ड ब्रेसवेल (१९२१–२००७) यांचा वाटा मोठा आहे. आणि हे काम त्यांच्या हातून झाले ते सूर्याचा अभ्यास करताना.

जन्म सिडनीचा. केंब्रिजला आयनांबरावर (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर) संशोधन करून ते ऑस्ट्रेलियात परतले आणि १९५५ च्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. १९६१ मध्ये तिथे त्यांनी उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीने पुढे ११ वर्षे सूर्याच्या तापमानाचे रोजचे नकाशे छापून दिले.

त्या काळच्या अनेक रेडिओ दुर्बिणींना सूर्यावरचा एकेक बिंदू सुटा दिसत नसे; एका अरुंद, लांब पट्टीतून येणाऱ्या लहरींची एकत्र बेरीज तेवढी हाती लागे. १९५६ च्या लेखात ब्रेसवेल यांनी दाखवले, की एका दिशेच्या अशा बेरजांचे फूरिये रूपांतर (म्हणजे त्यांची साध्या लहरींमध्ये केलेली फोड) म्हणजे मूळ चित्राच्या द्विमितीय रूपांतराचा केंद्रातून जाणारा छेद असतो. पुरेशा दिशांचे छेद जमले की चित्र परत मिळते. शरीरातून आरपार गेलेला क्ष-किरणही वाटेतल्या सगळ्या ऊतींनी मिळून त्याला किती शोषले एवढेच सांगतो. म्हणजे तीही बेरीजच. गणित दोन्हीकडे एकच.

खरी मेख पुढे आहे. काळ्या पाटीवर एकच पांढरा ठिपका आहे असे समजा. कोणत्याही दिशेने बेरीज घेतली तरी एकच उंचवटा मिळेल. ते सारे उंचवटे आपापल्या दिशेने पाटीवर परत पसरले, तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा ठिपक्यापाशी एकमेकींना छेदतात आणि भोवती धूसर वलय उरते. ए. सी. रिडल यांच्यासह १९६७ मध्ये ब्रेसवेल यांनी यावर सुटसुटीत उपाय मांडला: पसरण्याआधीच प्रत्येक उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक ऋण मूल्ये द्यायची. ती शेजारच्या रेघांचा पसारा खोडतात आणि ठिपका स्वच्छ उरतो. फूरिये रूपांतर करावेच लागत नाही. तेव्हाच्या तोकड्या संगणकांसाठी ही फार मोठी सोय होती.

१९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन हे भारतीय संशोधक स्वतंत्रपणे याच युक्तीपर्यंत पोहोचले; आज ती ‘राम-लक गाळणी’ म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. त्यांची गणनपद्धत मात्र वेगळी होती, पुन्हा पुन्हा दुरुस्ती करत जाणारी. नंतरच्या यंत्रांनी गाळणीची पद्धत उचलली, कारण तिच्यात प्रत्येक दिशेची मोजणी येताच हिशेब सुरू करता येतो.

सीटी स्कॅनसाठी १९७९ चे वैद्यकाचे नोबेल हाउन्सफील्ड आणि याच प्रश्नाचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले. ब्रेसवेल यांना वैद्यकाने उशिरा जवळ केले: १९९२ मध्ये, वैद्यकीय प्रतिमानिर्मितीतील मूलभूत कामासाठी, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्यांना परदेशी सहसदस्य म्हणून निवडले.