सायटोकाइन: मात्रा आणि जागा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत टोसिलिझुमॅब या इंजेक्शनचा राज्यभर तुटवडा पडला आणि ‘सायटोकाइन स्टॉर्म’ (शरीरात सायटोकाइनांचा एकदम उसळलेला लोंढा) हा शब्द सोलापुरातही घरोघरी पोचला. तेव्हापासून सायटोकाइन म्हणजे काहीतरी घातक, हा समज रुजला तो रुजलाच. हीच प्रथिनं कर्करोगाशी लढताना कामी येतात म्हटलं की लोक बुचकळ्यात पडतात. एका पेशीने शेजारच्या पेशीला द्यायचा हा निरोप असतो, मोजका आणि थोड्या वेळापुरता. तो अंगभर पसरला की बिघडतं. या क्षेत्रातली बरीचशी फजिती याच कारणाने झालेली आहे.

1891 मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी गाठीत जिवंत स्ट्रेप्टोकोकस जिवाणू टोचले. पुढे ते मारलेल्या जिवाणूंचं मिश्रण वापरू लागले. काही गाठी विरघळल्या, पण कुणाला गुण येईल आणि का, हे सांगता येईना. रेडिओथेरपी आली आणि हा मार्ग मागे पडला. 1957 मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूचा निष्क्रिय विषाणू सोडल्यावर इंटरफेरॉन हे सायटोकाइन सापडलं. 1975 मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांना आधी बीसीजी (क्षयाची लस, दुबळे केलेले जिवंत जिवाणू) आणि मग एन्डोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) दिलं. त्यांच्या रक्तद्रवात गाठी कुजवणारा घटक मिळाला, तो टीएनएफ, हेही सायटोकाइनच. कोलींच्या कोड्याचा निदान एक तुकडा तिथे जुळला.

आयएल-2 (इंटरल्युकिन-2) या सायटोकाइनचं जनुक 1983 मध्ये वेगळं करता आलं, तसं ते जिवाणूंकडून भरपूर बनवून घेणं शक्य झालं. 1992 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली. मात्रा वजनाच्या दर किलोला 6 लाख युनिट, दर 8 तासांनी, 15 मिनिटांत शिरेतून, जास्तीत जास्त 14 वेळा. मग 9 दिवस विश्रांती आणि पुन्हा तेवढंच. इतका मारा अशासाठी की मूत्रपिंडं ते झपाट्याने रक्तातून काढून टाकतात. पण त्या मात्रेला केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, लघवी आटते. नुसतं सलाईन चढवत राहिलं तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं. गाठी आकसल्या त्या साधारण 15 टक्के रुग्णांत. त्यातल्या थोड्यांचा आजार मात्र वर्षानुवर्षं परतला नाही, म्हणूनच हे औषध टिकलं. आणखी एक पेच असा की हल्ला करणाऱ्या टी पेशींबरोबर (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशीही आयएल-2 वरच पोसल्या जातात, आणि त्यांना ते थोडंसंही पुरतं.

आयएल-12 या दुसऱ्या सायटोकाइनची गोष्ट जास्त बोलकी. पहिल्या चाचणीत रोजचे डोस सुरू करण्याच्या दोन आठवडे आधी एक चाचणी-डोस दिला जायचा. पुढच्या चाचणीत तो वगळला. मात्रा तीच असूनही 17 पैकी 12 रुग्णांना रुग्णालयात भरती करावं लागलं, दोघे दगावले. त्या एका आगाऊ डोसमुळे शरीर पुढच्या डोसांना कमी इंटरफेरॉन-गॅमा (इंटरफेरॉनचाच एक प्रकार) सोडत होतं, हे नंतर उलगडलं.

याउलट बीसीजी. कॅनडाचे मूत्ररोगतज्ज्ञ मोरालेस यांनी 1976 मध्ये मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कर्करोगासाठी ते थेट मूत्राशयात सोडलं, आणि आजही तीच पद्धत चालते: 50 मिली सलाईनमध्ये मिसळून नळीने आत, दोन तास धरून ठेवायचं, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. अस्तराच्या आणि रोगप्रतिकारक पेशी आयएल-8, टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा तिथल्या तिथे सोडतात. ती लघवीत मोजताही येतात. सोलापूरचा उन्हाळा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा कुपी 2 ते 8 अंशांत आणि उजेडापासून झाकूनच आणावी लागते. गाठ खरवडल्यावर किमान दोन आठवडे थांबायचं. लघवीत रक्त असेल किंवा नळी घालताना जखम झाली तर त्या दिवशी बीसीजी द्यायचंच नाही, कारण जिवंत जिवाणू रक्तात शिरतात. मध्येच कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहून दिलं तर त्याने बीसीजीच मरू शकतं. पुढचे सहा तास लघवी बसून करायची, कमोडमध्ये ब्लीच टाकून 15 मिनिटांनी पाणी सोडायचं.

रक्तातल्या आयएल-6 या सायटोकाइनच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. टोसिलिझुमॅब आयएल-6 ला नव्हे, त्याच्या रिसेप्टरला (पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागेला) अडवतं. त्यामुळे औषध दिल्यावर आकडा उलट वाढलेला येतो आणि नातेवाईक हादरतात. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) उतरतो, पण तोही औषधानेच दाबलेला असतो. जंतुसंसर्ग त्याआड लपू शकतो.

आपल्या जिल्ह्यात या विषयाचा धागा बार्शीला सापडतो. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी तिथे 1987 मध्ये सुरू झाली आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे ते आकड्यांत दिसलं. त्यामागचा एचपीव्ही विषाणू ई6 आणि ई7 या प्रथिनांनी पेशीचा इंटरफेरॉनचा निरोपच दाबतो, म्हणून ना ताप, ना जळजळ. बहुतेक जणींचा संसर्ग तरीही एक-दोन वर्षांत जातो. ज्यांचा उरतो त्यांना तपासणीशिवाय कळायला मार्ग नाही. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.