मोडेम असा काहून वागतो? फोन करायच्या आधी एवढं वाचा

राम राम मंडळी. नेट अडकलं की आम्हा नेटवाल्यांना फोन येतो, "भाऊ, मोडेममधे बग आहे, बदलून द्या." बग असतोच, नाही म्हणत नाही, पण बरेचदा तो जे करतो ते त्याला तसंच करायला बनवलेलं असतं.

सगळ्यात जास्त बोंब लाईट आल्यावरची. लोडशेडिंग संपलं, पंखा फिरला, मोडेमचा पॉनचा (PON, फायबर जुळल्याचा) दिवा हिरवा झाला, तरी नेट नाही! होतं काय, लाईट गेली तेव्हा मोडेम लॉगआउट न करताच बंद पडतो, आमच्या सर्व्हरला वाटतं तुम्ही अजून आतच आहात, आणि एका कनेक्शनला एकच लॉगिन म्हणून जुनं सुटेपर्यंत तो नवीन घेत नाही, त्यात अख्खं गाव एकदमच लॉगिन करायला धावतं. थोडी कळ काढा राजेहो. चालू-बंद, चालू-बंद करत बसलात तर अजून लांबतं.

5 गिगाहर्ट्झवालं वायफायचं नाव उशिरा दिसतं तेही असंच. त्यातल्या काही चॅनलवर रडार चालतात, म्हणून मोडेमला नियमानं आधी कमीत कमी 60 सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि मधेच रडारसारखं काही ऐकू आलं तर तो चॅनल सोडून पळतो, तुमचा व्हिडिओ अटकतो. चूक नाही, नियमच तसा आहे. (ह्याचा फाईव्ह जी सिमशी काही संबंध नाही, रोज कोणीतरी विचारतंच.) आणि मोडेमच्या लॉगमधे (नोंदवहीत) 1 जानेवारी 1970 तारीख दिसली तर घाबरू नका, आत सेलवालं घड्याळ नसतं, नेट आलं की वेळ आपोआप बरोबर होते.

स्पीडचं मात्र नीट बघा. 100 च्या प्लॅनवर वायर लावून 94 आले तर ठीक, 100 वाल्या पोर्टातून त्याहून जास्त निघत नाहीत. पण 300 चा प्लॅन आणि वायरवर 94 च, तर तक्रार बरोबर आहे. बहुतेक केबलीच्या आठ तारांपैकी एखादी तुटली असते, नाहीतर पोर्ट जुना. तार कुरतडणारा उंदीर, दुसरं कोण.

उन्हाळ्यात दुपारी हँग होतो, रात्री ठणठणीत? बऱ्याच मोडेमवर 40 डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 45, वर टिनाचं छत. टीव्हीच्या मागून काढा, मोकळ्या हवेत ठेवा, पण कूलरच्या तोंडासमोर नको, पाणी उडतं.

आता खरा बग. गरम नाही, लाईट गेली नाही, दिवे बरोबर, घरातले सगळे फोन वायफाय जुळलं म्हणतात पण आयपी (नेटवरचा पत्ता) मिळत नाही, रिस्टार्ट केलं की चालू, आणि दोन-चार दिवसांनी परत तेच. हे फर्मवेअरचं, म्हणजे मोडेमच्या आतल्या प्रोग्रॅमचं दुखणं. केव्हा झालं ते लिहून ठेवा आणि सांगा, आम्ही इथूनच अपडेट टाकतो, नाही जमलं तर मोडेम बदलतो, पैसे नाही.

एक हात जोडून विनंती, मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका! ते रिस्टार्ट नाही, रिसेट आहे, लॉगिन-पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि आमच्या पोराला गाडी घेऊन यावंच लागतं. लॉसचा (LOS) लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटली किंवा वाकली, तिथं रिसेटनं काहीच होत नाही, सरळ फोन करा आणि गल्लीत कुठं जेसीबी चालू असेल तर तेही सांगा.