किती रक्त लागेल आणि किती ठेवायचं, ही दोन गणितं वेगळी आहेत

चवथ जवळ आली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत मंडळांची रक्तदान शिबिरं सुरू होतात, आणि तेव्हा एक गोष्ट हमखास ऐकू येते, की रोज सरासरी किती बाटल्या लागतात ते काढा, तेवढ्या ब्लड बँकेत ठेवा, झालं. असं होत नाही हो! यात मागणीचा अंदाज आणि साठ्याचं गणित यांची गल्लत होते.

अंदाज म्हणजे पुढे किती रक्त मागितलं जाईल ते. मागची नोंद घ्यायची, ठरलेली ऑपरेशन्स बघायची, पावसात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्स जास्त लागतात ते धरायचं. यातून सरासरी मिळते आणि तिच्याभोवतीचा चढउतारही मिळतो, पण लोक सरासरी तेवढी उचलतात आणि चढउतार सोडून देतात.

साठ्याचं गणित त्या चढउतारावरच चालतं. समजा एका ग्रुपच्या रोज सरासरी ४ बाटल्या लागतात आणि पेशंट एकमेकांशी संबंध नसताना येतात, तर पॉयसन वितरण लावता येतं, म्हणजे सरासरीवरून कुठल्या दिवशी किती बाटल्या लागण्याची शक्यता किती ते काढायचं सूत्र. रोज सकाळी ४ च ठेवल्या तर साधारण ३७ टक्के दिवशी रक्त कमी पडेल, म्हणजे दहातले जवळजवळ चार दिवस! ८ ठेवल्या तर तेच २ टक्क्यांवर येतं. अंदाज अगदी बरोबर असूनही साठा दुप्पट लागला. (आणि हायवेवरच्या एकाच अपघातातले चारपाच जण एकदम आले की चढउतार याहूनही मोठा.)

आता म्हापसा, बांबोळी, मडगाव अशा तीन ठिकाणी सोयीसाठी हीच सरासरी धरा. प्रत्येकाने आपापल्या ८ ठेवल्या तर एकूण २४, पण तिघांचा साठा एकच धरून वेळेत इकडून तिकडे पोचवता आला तर १९ मध्ये तेवढीच खात्री मिळते. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण आपलं राज्य लहान आहे, आणि एकही जास्तीचा दाता न आणता या बाटल्या वाचतात.

मग भरपूरच का साठवू नये? कारण रक्त टिकत नाही. सीपीडीए (रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रावण) असलेल्या पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस, सॅगम (पेशी आणखी टिकवणारं द्रावण) घातलेल्या ४२ दिवस, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. त्यामुळे साठ्याच्या गणितात कमी पडण्याचं नुकसान आणि फुकट जाण्याचं नुकसान दोन्ही तोलावी लागतात, अंदाजाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

शिबिराची तारीखही साठ्याच्याच गणितात येते. सगळ्यांनी एकाच रविवारी रक्त दिलं तर त्या बाटल्यांची मुदत एकदमच संपते, वर ते दाते पुरुष असतील तर ९० दिवस आणि बायका असतील तर १२० दिवस परत देऊ शकत नाहीत. तेच दाते दर आठवड्याला थोडे थोडे आले तर वर्षाची बेरीज तीच राहते, पण टंचाई कमी होते. म्हणून मंडळांनी तारीख ठरवायच्या आधी ब्लड बँकेला एक फोन करावाच.

आणि अंदाजासाठी नोंद मागितलेल्या बाटल्यांची हवी, नुसत्या दिलेल्यांची नको. रक्त नव्हतं म्हणून जो नातेवाईक रिकाम्या हाताने परत गेला त्याची मागणी वहीत आलीच नाही, तर पुढचा अंदाज कमी निघतो, साठा कमी ठेवला जातो आणि पुढच्या वेळी आणखी कोणीतरी तसंच परत जातं.